उत्तराला जागा

खिडकीतनं आवाज आला तसं बिरदेवच्या हातातनं गोणीचं तोंड सुटलं. अर्धी भरलेली गोणी कलंडली आणि कांदे गडगडत पुन्हा ढिगात जाऊन मिळाले.

"गुड मॉर्निंग, चिल्ड्रन!" शाळेच्या खिडकीतनं कुणीतरी खणखणीत बोललं.

"गुड मॉर्निंग, सर!" नववीच्या पोरांनी एका सुरात उत्तर दिलं.

आवाज बिरदेवचाच होता. बिरदेव मात्र शाळेत नव्हता. शाळेच्या तारेला लागून पोपटरावांचं कांद्याचं वावर, त्या वावरात ढिगापाशी तो उकिडवा बसला होता. डोक्याला टॉवेल, अंगात बाह्या फाटलेला बनियन, बोटं सुतळीनं काचलेली. दोन सऱ्या पलीकडं बायकांची ओळ विळ्यानं कांद्याची पात काटत होती. त्या ओळीत त्याची बायको अनिता होती. तिचा विळा हवेतच थांबला. नवऱ्याकडं बघायचा तिला धीर झाला नाही.

टोळीची मुकादम वच्छलाबाई तोंडाची फटकळ. ती कसली गप्प बसते! "अगं बया! ह्यो तर आपल्या मास्तरचा आवाज. ओ मास्तर, तुम्ही हितं हाय का थितं?"

बायका खदाखदा हसल्या. हसण्यात खोट नव्हती, पण लागायचं ते लागलंच. बिरदेवही हसला. "दोन्हीकडं हाय मावशे," म्हणाला आणि सांडलेले कांदे गोळा करायला लागला.

तो रडला असता, चिडला असता, तर अनिताला चाललं असतं. त्याचं ते हसणं तिला दिवसभर सलत राहिलं. पात कापताना तिचा विळा चुकून कांद्यालाच लागला, आणि वच्छलाबाईचं बोलणंही खावं लागलं.

खळवाडी हे गाव शिरूर आणि दौंडच्या शिवेवर, भीमेच्या अलीकडं. नदीकडं ऊस, मधी कांदा, आणि वर माळाला धनगरांची वस्ती. बिरदेव त्या वस्तीतला पहिला बी.ए., बी.एड. झालेला माणूस. त्याचा बाप मेंढरांमागं फिरता फिरता गेला. आई दगडाबाईनं मेंढरं राखून पोराला मांडवगण फराट्याला शिकायला ठेवला. मग तो गावच्याच शाळेत इंग्रजीला लागला. लागला म्हणजे काय, तासिकेवर. तास घेतला तर मिळणार, सुट्टी पडली तर घरी बसा. "पुढच्या वर्षी कायम करू" हे संस्थेचे चेअरमन पोपटराव दर जूनला सांगायचे, आणि बिरदेव दर जूनला घरी येऊन ते अनिताला सांगायचा. असं सांगता सांगता त्यांची मोनिका पाळण्यातनं नववीत गेली.

शिकवायचा मात्र जीव तोडून. टाळेबंदीत शाळा बंद पडली तवा सगळे मास्तर घरी बसले. ह्या गड्याला काही बसवेना. अनिताच्या फोनवर त्यानं धडे काढायला सुरुवात केली. कडब्याच्या पेंड्या एकावर एक रचायच्या, त्याच्यावर फोन सुतळीनं बांधायचा, मागं भिंतीला काळी घोंगडी लावायची आणि इस्त्रीचा पांढरा सदरा घालून उभं राहायचं. फोनमागं अनिता. मधीच कोंबडा आरवला की पुन्हा पहिल्यापासनं. दगडाबाई शेळीची धार काढायची, मोनिका पाणी शेंदायची, वस्तीवरचा हरिबा मेंढरं कातरायचा. हे समदं त्या धड्यात आलं. बिरदेव आईकडं बोट दाखवून विचारायचा, "व्हॉट इज शी डूइंग?" आणि म्हातारी धार काढता काढता फोनकडं बघून उगाच पदर सारखा करायची.

पहिल्याच दिवशी अनिता म्हणाली होती, "अहो, तुम्ही इचारता आन् लगीच पुढं पळता. पोरांना तोंड उघडायला येळ तरी द्या की."

"किती वेळ देऊ?"

"मला कुणी दिला असता तेवढा. मी बी पास झाले असते."

अनिता दहावीला इंग्रजीतच नापास झालेली. ते बिरदेवला माहीत होतं, म्हणून तो हसला नाही. मग तसंच ठरलं. त्यानं प्रश्न विचारायचा, गप्प उभं राहायचं. फोनमागं अनितानं मनातल्या मनात उत्तर जुळवायचं, अडखळत, पहिल्यापासनं धरत, आणि जुळलं की मान हलवायची. तिची मान हलली की त्यानं म्हणायचं, "व्हेरी गुड!" त्या गप्प उभं राहण्याला ती उत्तराला जागा म्हणायची. "आज उत्तराला जागा कमी पडली बरं का," म्हणायची, आणि तो पुन्हा उभा राहायचा.

शाळा उघडली. एका कंपनीनं नववीच्या वर्गात भिंतीएवढा पडदा बसवून दिला. पोपटरावांनी नारळ फोडला. बिरदेवनं आठवीचं, नववीचं समदं पुस्तक तसं धड्याधड्यानं काढलं. वर्गात तो पडदा चालवायचा, प्रश्न आला की थांबवायचा, बाकांमधनं फिरायचा. लाजऱ्या पोरीपाशी जाऊन वाकायचा, म्हणायचा, "हळू सांग, मलाच सांग." अर्धं पडद्यानं शिकवायचं, अर्धं त्यानं. ज्या पोरांच्या आयांना अंगठा उठवण्यापलीकडं काही येत नव्हतं ती पोरं इंग्रजीत बोलायला लागली. निकाल लागला तवा तालुक्याच्या पेपरात शाळेचं नाव आलं, पोपटरावांचा फोटो आला.

त्या जूनला पोपटरावांनी बिरदेवला बंगल्यावर बोलावलं. चहा पाजला. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, संस्थेला आता तासिकेचा माणूस परवडत न्हाई. आन् तुम्ही कुठं जाताय? तुम्ही तर हायच की भिंतीवर!"

हेडमास्तर शेजारीच बसले होते. ते जरा नरम. बाहेर सोडायला आले तवा म्हणाले, "दहावीचे धडे तेवढे करून द्या सर. पुढच्या जूनला मी स्वतः तुमचं नाव पुढं करतो. शब्द आहे माझा."

झालं. तेव्हापासनं बिरदेव मिळेल त्या कामाला जायचा. आधी ऊस खुरपला, मग कांद्याची लागण केली, आता काढणी. रविवारी घोंगडी लावून दहावीचे धडे काढायचा. सदरा तोच, आवाज तोच. फक्त हात मागं धरून उभा राहायला लागला होता. खडूचे हात आता चिरलेले, काळे पडलेले, ते फोनमध्ये येऊ नयेत म्हणून.

दगडाबाईला हे धडे पुरवणं पटलेलं नव्हतं. एका रविवारी ती उंबऱ्यावर बसून चिडली.

"बिरू, तुझा आजा मेंढरांचं खांड इकायचा ना, तवा घेणाऱ्यासंगं चार कोस चालत जायचा. वाटंनं हाळी आजाच देणार. मेंढरं त्याच्या हाळीला चालायची. पर घेणारा म्हनला, मला शिकव हाळी, तर आजा म्हनायचा, तुझी तू शिकव, माझी देत न्हाई. एकदा का मेंढरं माझ्या हाळीनं तुझ्यामागं लागली, मग मला कोन पुसतंय?"

"आये, हे इंग्रजी हाय. मेंढरं न्हाईत."

"मला काय ठावं इंग्रजी! मला एवढं दिसतंय, तू तुझी हाळी डब्यात घालून दिली. आता डबा वाजतोय, आन् तू कांदा भरतोय."

बिरदेव घोंगडीची घडी घालायला लागला. अनितालाच सासूचा राग आला. कारण म्हातारी बोलत होती ते खरं होतं, आणि उत्तराला जागा सोडायची अक्कल तर अनिताचीच होती. ती जागा होती म्हणूनच तर पडदा एकट्यानं तास घेऊ शकत होता. हे तिच्या मनात आलं.

कांदा काढायला चार दिवस झाले तसं खिडकीतनं काय काय कानावर यायला लागलं. पडदा चालवायचं काम शिपाई ज्ञानदेवकडं दिलं होतं. भला माणूस, पण त्याला घंटा द्यायची, पाणी भरायचं, ऑफिसात चहा न्यायचा, आणि त्यातनं हे. एक दिवस खिडकीतनं बिरदेवचा आवाज चिमणीसारखा चिवचिवत यायला लागला. पोरं हसून हसून बाकावर पडली असावीत.

ज्ञानदेव तारेपाशी बिडी ओढायला आला तवा बिरदेवनं विचारलं, "काय झालं रे आवाजाला?"

"सर, ते जोरात पळवायचं बटन हाय ना. पोर्शन मागं पडलाय, हेडसर म्हनले उरकून घे. दोन धडे एका तासात बसत्यात बगा." ज्ञानदेवला त्यात वावगं काहीच वाटत नव्हतं. "तुमचं लई भारी काम हाय सर. एकदा लावलं का मला मधी बघावं लागत न्हाई."

त्या दिवसापासनं वाटंनं जाताना पोरं मागनं चिवचिव आवाजात "गुड मॉर्निंग चिल्ड्रन" म्हणायला लागली. बिरदेव मागं वळायचा नाही.

याच्यापेक्षा वाईट ते पुढंच होतं. दुपारचं ऊन चढलेलं, बायका बाभळीखाली भाकरी सोडून बसलेल्या. खिडकीतनं बिरदेवनं विचारलं, "व्हॉट इज शी डूइंग?" आणि मग तो गप्प झाला. अनिताच्या मनात सवयीनं उत्तर जुळायला लागलं. तेवढ्यात वर्गातनं एक पोरगा ओरडला, "सर, तुमची मेंढरं पळाली!"

"व्हेरी गुड!" बिरदेवचा आवाज म्हणाला.

वर्गात हशा पिकला. पुढचा प्रश्न आला, पुन्हा तो गप्प. दुसरा ओरडला, "सर, तुम्हाला काढलं!"

"व्हेरी गुड! सिट डाऊन."

अनितानं हातातली भाकरी खाली ठेवली. बिरदेव तिच्या शेजारीच बसला होता. त्यानं हातातला कांदा बुक्कीनं फोडला, नीट मीठ लावलं आणि खाल्ला. डोळ्यांतनं पाणी येत होतं, ते त्यानं कांद्यावर ढकललं. मोनिका त्याच वर्गात पहिल्या बाकावर बसते, हे दोघांच्याही मनात होतं.

संध्याकाळी पोरगी आली तशी अनितानं तिला चुलीपाशी घेतलं. "कोन ओरडतंय गं वर्गात?"

"समदीच ओरडत्यात."

"आन् तू काय करती?"

"मी खरं उत्तर देते आई. पर माझं ऐकू येत न्हाई."

अशात ज्ञानदेवनं बातमी आणली. पुण्याहून शिक्षण खात्यातले मोठे साहेब येणार. पडद्यावर इंग्रजी कसं शिकवतात ते बघायला येणार, आवडलं तर दुसऱ्या शाळांना दाखवणार. हेडमास्तरांनी बिरदेवला वाटेत गाठलं.

"सर, शुक्रवारी जवळपास राहा. साहेब नक्की विचारतील कुणी केलंय म्हणून. मी बोलावणं पाठवतो."

"कायम करायचं बोलू का साहेबांशी?"

"मीच बोलतो. तुम्ही फक्त या."

त्या रात्री बिरदेव किती दिवसांनी पोटभर जेवला! मोनिकाला म्हणाला, "पोरी, साहेबांनी विचारलं तर घाबरू नको. हळू सांग, पण सांग." अनितानं पांढरा सदरा धुतला, तांब्यात निखारे घालून इस्त्री केला. तो पुन्हा वर्गात गेला तर पोरांची चिवचिव एका दिवसात बंद होईल, असं तिला वाटत होतं. तिला दुसरं काहीच नको होतं. कायम नको, पगार नको, फक्त तो त्या खिडकीच्या आत असावा, एवढंच.

शुक्रवारी दोघं कामावर आले ते सदरा पिशवीत घेऊनच. बिरदेवनं तो बाभळीच्या फांदीला अडकवला आणि वच्छलाबाईला सांगून तारेकडच्या सऱ्या घेतल्या. हाकेच्या अंतरावर राहायचं म्हणून. बायकांना समदं ठाऊक होतं. आज कुणी चेष्टा केली नाही. वच्छलाबाई तर म्हणाली, "मास्तर, हात धुऊन बसा, मी भरते तुमच्या गोण्या." तो बसला नाही.

साहेबांची गाडी आली. मागनं पोपटरावांची आली. बँड वाजला, हारतुरे झाले. मग नववीची खिडकी उघडली आणि बिरदेवचा आवाज आला, सरळ, नेहमीच्या गतीनं.

"व्हॉट इज शी डूइंग?"

तो गप्प झाला. वावरात अनिताचे ओठ हलले. वर्गातनं खणखणीत, बरोबर उत्तर आलं, समद्या पोरांचं एकदम.

"व्हेरी गुड!"

"ऐकलं का?" बिरदेव पुटपुटला. "बरोबर आलं. येतंय त्यांना. कुणी घेतलं तर येतंय."

प्रश्नामागनं प्रश्न गेले, उत्तरामागनं उत्तरं आली. शेवटी टाळ्या वाजल्या. बराच वेळ वाजल्या. बिरदेव उठला. मोटरीच्या पाण्यावर हातपाय धुतले, नखांतली माती काडीनं काढली, सदरा घातला, केसांवरनं ओला हात फिरवला. तारेपाशी जाऊन उभा राहिला. अनितानं लांबनं बघितलं. डोक्यापासनं कमरेपर्यंत तो पडद्यावरचाच बिरदेव दिसत होता.

ज्ञानदेव बाहेर आला. बिरदेव दोन पावलं पुढं झाला. ज्ञानदेव चहाची किटली घेऊन परत आत गेला.

टाळ्या थांबल्या. आत कुणीतरी बोलत होतं, शब्द कळत नव्हते. मग बाकं सरकल्याचा आवाज आला आणि शाळा एकदम गप्प झाली.

आता शाळा म्हणजे काय, सुट्टीच्या दिवशीही कुठंतरी खिडकी आपटत असते. ही शांतता वेगळीच होती. शेजारच्या वर्गातला कालवाही बंद पडला. बायकांनी विळे थांबवले.

"काय गं झालं?" वच्छलाबाई हळू आवाजात म्हणाली.

बिरदेवला बरोबर कळलं. इतकी वर्षं शाळेत काढलेला माणूस तो. "कुणीतरी मोठं माणूस गेलं असंल," तो म्हणाला. "श्रद्धांजली चाललीय. दोन मिनिटं उभं राहायचं असतं." आणि त्यानं हात खाली सोडले, मान खाली घातली, डोळे मिटले. वळून बायकांना खुणावलं, "उठा."

मास्तर सांगतोय म्हटल्यावर बायका उठल्या. विळे सरीत ठेवले, डोक्यावरनं पदर घेतले. अनिताही उठली. उन्हात ती समदी ओळ मुकाट्यानं उभी राहिली, आणि कुणाचं मरण ते कुणालाच ठाऊक नव्हतं. अनितानं मनात म्हटलं, कुणी का असंना, त्याच्या लेकराबाळांचं बरं होवो.

मग पोरं बसली. गाड्यांची दारं वाजली. साहेबांची गाडी तारेच्या कडंनंच गेली. बिरदेवनं हात उचलला होता, पण काचा वर होत्या. ज्ञानदेव मागनं आला, मान वर करीना. "आज न्हाई जमलं सर. घाईत व्हते," एवढं बोलून सटकला.

बिरदेवनं सदरा काढून पिशवीत घातला आणि दिवस मावळेपर्यंत गोण्या शिवल्या.

घरी मोनिका दप्तर न काढता कोपऱ्यात बसलेली होती. दगडाबाई म्हणाली, "आल्यापासनं अशीच हाय. बोलत न्हाई, पानी प्येत न्हाई."

बिरदेवला वाटलं, साहेबांपुढं उत्तर चुकलं असेल. तिच्यापुढं बसला आणि मुद्दाम हलक्या आवाजात म्हणाला, "आज कोण वारलं गं? आम्ही बी वावरात उभं राहिलो बघ."

पोरीनं बापाकडं बघितलं आणि हंबरडा फोडला. कुणाला आवरेना. अनितानं तिला छातीशी धरली, पाठीवरनं हात फिरवला, तवा कुठं हुंदक्याहुंदक्यानं बाहेर पडलं.

साहेबांना धडे फार आवडले होते. ते म्हणाले, हे सर कुठायत? बोलवा त्यांना, मला भेटायचंय. पोपटरावांनी हेडमास्तरांकडं बघितलं. काढला म्हणावं, तर साहेब विचारणार का काढला, आणि पोरांना शिकवतंय कोण. हेडमास्तर उभे राहिले, म्हणाले, "सर वारले, साहेब. मागल्या वर्षीच." साहेबांचा चेहरा उतरला. अरेरे, म्हणाले, इतका तरुण माणूस. मग त्यांनीच सांगितलं, चला, आपल्या सरांसाठी दोन मिनिटं उभं राहू या.

गरज सरो आन् वैद्य मरो म्हणतात ते बोलण्यापुरतं. इथं ज्याची गरज सरली त्याला त्यांनी खरोखरच मारला, आणि वर त्याच्या पोरीला उभं केलं.

बिरदेवनं विचारलं, "आन् तू?"

"मी बी उभी राहिले, पप्पा. हेडसर माझ्याकडंच बघत व्हते. मला बोलायचं व्हतं. तोंडच उघडंना."

"पोरं हसली का?"

"न्हाई. कुनीच न्हाई हसलं. ती मागची पोरं बी न्हाई. एक तर रडत व्हता."

बिरदेवनं मान हलवली. त्याचे डोळे भरले. "चांगली हायत पोरं," तो म्हणाला.

अनिताच्या अंगाचा नुसता भडका उडाला. ती उठली, पदर खोचला. "मी जाते. आत्ता जाते हेडमास्तरच्या दारात. हे कुकू बघ म्हनते. ह्या कुकवाचा धनी कवा मेला ते सांग म्हनते!"

"अनिता."

"काय अनिता? आपुन बी उभं राहिलो! मी सोता उभी राहिले! बाई उभी राहते का कुठं तिच्या जित्या नवऱ्याला?" तिचा आवाज फाटला. आपण मनात कुणाच्या लेकराबाळांचं बरं चिंतलं, हे तिला आठवलं आणि ती मटकन खाली बसली.

"जाऊन काय सांगशील?" बिरदेव म्हणाला. "साहेब गेले पुण्याला. त्यांच्या लेखी मी मेलो. हेडमास्तर आता मला जूनला घेतील कसे? मेलेला माणूस हजर झाला म्हणून? आता कधीच घेत नाहीत ते. संपलं."

इतक्या वर्षांत संपलं हा शब्द त्यानं पहिल्यांदा तोंडातनं काढला होता.

दगडाबाई मात्र उठली होती. तिला साहेब, हेडमास्तर, संस्था ह्यातलं फारसं कळलं नव्हतं. तिला एकच कळलं होतं, की आपल्या पोराच्या मरणाची बोंब उठली आणि ती खोटी निघाली. ती डब्यातनं गुळाचा खडा घेऊन आली. बिरदेवच्या कपाळावरनं बोटं फिरवली, कानशिलावर कडाकडा मोडली, आणि खडा त्याच्या तळहातावर ठेवला.

"गप ऱ्हावा समदी. रडू नगा. जित्या मानसाच्या मरनाची खोटी बातमी उठली का त्येचं आयुष्य वाढतं. वाढलं माझ्या लेकराचं आयुष्य. खा, बिरू."

बिरदेव तळहातावरच्या गुळाकडं बघत राहिला. चिरलेल्या बोटांना गूळ चिकटला होता.

"वाढलं असंल गं आये," तो म्हणाला. "पर एवढं घालवू कुठं?"

म्हातारीला प्रश्न कळला नाही. ती त्याच्यापुढं तशीच उभी राहिली, तो खाईपर्यंत हलणार नव्हती. मग त्यानं गूळ तोंडात घातला.